सलगता

माझं काम एवढंच: आधीच्या शॉटमध्ये
सिगारेट किती उरली होती, चहा कुठवर होता,
कोटाचं वरून दुसरं बटण लावलेलं की उघडं,
ते वहीत टिपून ठेवायचं.
प्रेक्षक सगळं माफ करतात, उर्मास म्हणतो,
खूनसुद्धा. ग्लासातली बदललेली पातळी मात्र नाही.

पेइप्सी सरोवराचा काठ, नोव्हेंबर.
कुंपणांवर कांद्यांच्या माळा,
धुरी दिलेल्या माशांचा वास स्वेटर सोडत नाही.
इथल्या म्हाताऱ्या आम्हाला पाहिलं की पडदे ओढतात.
आमचे पाच खून कागदावरचे.
त्यांचे तीन होते, सव्वीस वर्षांपूर्वीचे,
आणि पकडलं कुणीच गेलं नाही.

आग्निया लव्हाळ्यांत मरून पडते, दिवसातून अकरा वेळा.
उणे चार. तोंडात बर्फाचा खडा धरते,
म्हणजे श्वासाची वाफ दिसत नाही.
कट म्हटलं की प्रेत उठून बसतं, शिंकतं,
थर्मासमधलं बीटचं सूप मागतं.
मी तिच्या केसांतल्या काड्या मोजून
जागच्या जागी ठेवते.

सल्लागार म्हणून आलेत वोल्देमार क्रूस, निवृत्त कॅप्टन.
तपास त्यांचाच होता.
घडीची खुर्ची, गुडघ्यांवर घोंगडी.
बायको त्याच वर्षी सोडून गेली, हे ते
हवामान सांगावं तसं सांगतात.

पहिल्या दिवशी म्हणाले, गाठ चुकली.
ही कोळ्याची झाली. पार्सलाची बांधा.
दुसऱ्या दिवशी: बूट डावा निघाला होता, उजवा नव्हे.
मी खोडलं, लिहिलं.
चौथ्या दिवशी आग्नियाशेजारी उकिडवे बसले,
तिचा स्कार्फ दोन बोटांनी सारखा केला
आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले,
"शेवटपर्यंत गुणगुणत होती ती."

कुणी ऐकलं नाही. दिवे हलवत होते.

तपासाची फाइल मी वाचलीय. तीनशे बारा पानं.
गाठ आहे तिच्यात, बूट आहे.
गुणगुणणं नाही.
नसणारच. ते ऐकायला जो तिथे होता
त्याचा जबाब कुणी घेतलेला नाही.

किंवा असंही असेल, रात्री लॉजवर मी स्वतःला समजावते,
की सव्वीस वर्षं एकाच बाईचं मरण
माणूस रोज पहिल्यापासून पाहत आला
तर त्या मूकपटाला आपोआप आवाज फुटत असेल.
शोधणारा त्याच्या पावलात पाऊल टाकत जातो,
त्याच्यासारखा दबा धरतो, त्याच्यासारखा थकतो,
आणि मग ठसा कुणाचा, चिखलालाही सांगता येत नाही.
हे आमच्या पटकथेत आहे. पान अठ्ठ्याऐंशी.
वाचताना मला फार हुशारीचं वाटलं होतं.

सातव्या दिवशी खुन्याचं काम करणारा नट तापाने फणफणला.
हवी होती फक्त पाठ, लव्हाळ्यांतून दूर जाणारी.
उर्मासने इकडेतिकडे पाहिलं. "कॅप्टन, तुम्ही घालता का जरा?"
क्रूस नको म्हणाले. मग पुन्हा नको म्हणाले.
मग उठले, घोंगडीची नीट घडी घातली,
आणि कोट चढवला.
बाह्या मनगटावर बरोब्बर.
वरून दुसरं बटण त्यांनी उघडं ठेवलं.

ते मी अजून सांगितलं नव्हतं.

कॅमेरा फिरला. पाठ चालत गेली.
कट, उर्मास ओरडला. छान, कट.
पाठ चालतच राहिली, पाणी घोट्यांपर्यंत आलं तरी.
मागच्या घरातला पडदा सरकला.
एक म्हातारी हातात अर्धी ओवलेली कांद्याची माळ घेऊन
खिडकीशी आली, आणि
आमच्याकडे न पाहता तिकडेच पाहत राहिली.

वहीत रकाना असतो: जुळतं, जुळत नाही.
मी तारीख घातली, वेळ घातली.
आग्निया शेजारी येऊन उभी, ब्लँकेट पांघरलेली,
तोंडातला बर्फ तिने थुंकून टाकला.
तिच्या श्वासाची वाफ माझ्या कागदावर
येत होती, जात होती.